रत्नागिरीच्या दमट हवेत कोबाल्टाइट भाजताना

रत्नागिरीत राहून कोबाल्टच्या ऑक्साइड सिरॅमिकवर पीएचडी करतेय असं सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, कोबाल्ट म्हणजे मोबाईलच्या बॅटरीतलं ना? हो तेच, लिथियम कोबाल्ट ऑक्साइड, १९८० मध्ये जॉन गुडइनफ यांनी ते बॅटरीसाठी वापरून दाखवलं आणि २०१९ ला त्यांना नोबेल मिळालं. पण याच गुडइनफ यांनी त्याच्या कितीतरी आधी, १९६७ मध्ये, राक्का यांच्याबरोबर दुसऱ्या एका कोबाल्ट ऑक्साइडवर पेपर लिहिला होता, लॅन्थॅनम कोबाल्टाइट, आणि मी ज्याच्यामागे लागलेय ते हेच. काळंभोर असतं, दिसायला काहीच नाही, पण वीज आणि चुंबकत्व दोन्ही बाबतीत इतकं विचित्र वागतं की साठ वर्षं होत आली तरी लोकांचे वाद मिटलेले नाहीत.

विचित्र म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं नुसतं भट्टी आणि पावडर वाटेल. यातल्या कोबाल्टकडे बाहेरच्या कवचात ६ इलेक्ट्रॉन असतात आणि त्यांना बसायला ५ जागा, प्रत्येक जागेत जास्तीत जास्त दोघं. आजूबाजूच्या ६ ऑक्सिजनमुळे या ५ जागा सारख्या राहत नाहीत, ३ खालच्या ऊर्जेच्या आणि २ वरच्या होतात. आमच्या कॉलेजच्या मुलांना मी एसटीचं उदाहरण देते, पुढे ३ बाकं चांगली आणि मागे चाकावरची २ बाकं दणके देणारी, प्रवासी ६. दणके नको असतील तर सगळे पुढच्या ३ बाकांवर दोघं दोघं बसतील, आणि शेजारी कोणी नको असेल तर एकेक जण मागेसुद्धा जाऊन बसेल. पहिल्या प्रकाराला लो स्पिन म्हणतात (स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनचं स्वतःचं इवलंसं चुंबकत्व), सगळ्यांच्या जोड्या लागलेल्या, कोबाल्टचं चुंबकत्व शून्य. दुसरा हाय स्पिन, ४ इलेक्ट्रॉन एकटे, चुंबकत्व भरपूर. बहुतेक पदार्थात हे एकदा ठरलं की ठरलं, पण लॅन्थॅनम कोबाल्टाइटमध्ये दोन्हीतला फरक इतका थोडा आहे की नुसत्या उष्णतेने इलेक्ट्रॉन जागा बदलतात. अगदी थंडीत ते चुंबकीय नाहीच, साधारण १०० केल्विनपर्यंत गरम होईतो चुंबकीय प्रतिसाद वाढत जातो आणि मग पुन्हा उतरायला लागतो, आणि ५००-६०० केल्विनच्या पट्ट्यात विजेला अडवणारा पदार्थ धातूसारखा वाहायला लागतो. मधल्या अवस्थेत २ इलेक्ट्रॉन एकटे असतात की ४, यावर अजून भांडणं चालू आहेत.

आणि हे वाचताना मला कळलं की १९७२ मध्ये या पदार्थावर एक गाजलेलं काम डॉ. व्ही. जी. भिडे आणि सी. एन. आर. राव यांनी केलं होतं, मॉसबॉवर पद्धतीने, म्हणजे किरणोत्सारी कोबाल्ट या पदार्थातच घालून दोन्ही स्पिनचे कोबाल्ट वेगवेगळे ओळखायचे. भिडे सर म्हणजे पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले तेच. पेपरवर मराठी नाव दिसलं आणि मला इतकं बरं वाटलं की तो पेपर मी प्रिंट काढून लॅबच्या कपाटाला आतून चिकटवलाय.

आता प्रत्यक्ष काम. पद्धत जुनी, साधी, सिरॅमिक पद्धत म्हणतात, ऑक्साइड मोजा, घोटा, भाजा, परत घोटा, टिक्की दाबा, परत भाजा. ऐकायला सोपं आहे पण कोकणात पहिल्याच पायरीवर अडतं, कारण लॅन्थॅनम ऑक्साइडला हवेतलं पाणी भयंकर आवडतं. पांढरी पावडर, बाटली उघडी राहिली की ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढत बसते आणि हळूहळू तिचं हायड्रॉक्साइड होतं, पूर्ण झालं तर वजन साडेसोळा टक्क्यांनी वाढतं. म्हणजे तुम्ही ऑक्साइड समजून जे तोललं त्यात लॅन्थॅनम कमी आणि पाणी जास्त, आणि मग भट्टीतून निघतं त्यात जास्तीचं कोबाल्ट ऑक्साइड कुठेतरी कोपऱ्यात पडून राहतं आणि सगळ्या चुंबकीय मोजमापात लुडबुड करतं. सोलापूर-नगरकडची लॅब असती तर थोडं तरी चाललं असतं, इथे जुलैत चपला रात्रीत बुरशी धरतात तिथे ही पावडर काय टिकणार. म्हणून माझ्या गाईड सरांचा पहिल्या दिवसापासूनचा नियम, लॅन्थॅनम ऑक्साइड आधी ९००-१००० अंशावर काही तास भाजायचं, आणि भट्टीतून काढून गरम असतानाच डेसिकेटरमध्ये, म्हणजे आत कोरडं ठेवणाऱ्या काचेच्या भांड्यात, आणि तिथून थेट तराजूवर.

डेसिकेटरचं झाकण ग्रीस लावून सरकवायचं, आत खाली सिलिका जेल. जुनी निळी सिलिका जेल आमच्याकडे अजून आहे, आणि तिचा निळा रंगसुद्धा कोबाल्टचाच, कोबाल्ट क्लोराइड. कोरडं असताना निळं, पाणी धरलं की गुलाबी. म्हणजे त्याच कोबाल्टभोवतीचे शेजारी बदलले, त्यांची मांडणी बदलली, की इलेक्ट्रॉनच्या पायऱ्यांमधलं अंतर बदलतं आणि आपल्याला रंग बदललेला दिसतो. पावसाळ्यात सकाळी निळी भरलेली जेल संध्याकाळपर्यंत कडेने गुलाबी झालेली असते. मी एफवायच्या मुलांना क्रिस्टल फील्ड, म्हणजे शेजाऱ्यांमुळे जागांची ऊर्जा बदलणं, शिकवायच्या आधी ती बशी त्यांच्या हातात देते, फळ्यावर ५ रेघा काढण्यापेक्षा ते पटकन पोचतं.

तोलायचं गणित असं. ५ ग्रॅम लॅन्थॅनम कोबाल्टाइट हवं तर लॅन्थॅनम ऑक्साइड ३.३१३ ग्रॅम आणि काळं कोबाल्ट ऑक्साइड, ज्यात ३ कोबाल्टला ४ ऑक्सिजन असतात ते, १.६३३ ग्रॅम. बेरीज करा, ५ होत नाही, ४.९४६ होते. उरलेले ५४ मिलिग्रॅम पदार्थ हवेतून घेतो, ऑक्सिजन म्हणून. मला ही गोष्ट पहिल्यांदा गणितात दिसली तेव्हाच लक्षात आलं की इथे ऑक्सिजन हा न तोलता येणारा तिसरा घटक आहे आणि तो किती आत गेला हे भट्टी ठरवणार, आपण नाही.

स्ट्रॉन्शियम घालायचं असेल तर लॅन्थॅनमच्या जागी थोडं स्ट्रॉन्शियम कार्बोनेट. लॅन्थॅनमचा भार ३ आणि स्ट्रॉन्शियमचा २, तेवढी भरपाई कोबाल्टला करावी लागते, काही कोबाल्ट ३ वरून ४ वर जातात, आणि त्या रिकाम्या जागेतून वीज वाहायला लागते. मी शुद्ध, १० टक्के आणि ३० टक्के असे तीन केले. साधारण १८ टक्क्यांच्या खाली चुंबकत्वाचे नुसते तुकडे तुकडे बेटं तयार होतात, त्याच्या वर ती जोडली जातात आणि अख्खा पदार्थ एकदम चुंबक आणि धातू होतो. म्हणून एक नमुना सीमेच्या अलीकडचा, एक पलीकडचा.

घोटणं अगेटच्या खलात, अ‍ॅसिटोन घालून. मास्क आणि ग्लोव्ह घालूनच, कोबाल्ट ऑक्साइडची धूळ फुप्फुसाला वाईट, हे मी प्रत्येक नवीन मुलाला सांगते आणि खिडकीजवळ वारा असेल तर घोटायलाच बसू देत नाही. पांढरी आणि काळी पावडर मिळून आधी राखाडी होते, कडेला पांढरे ठिपके दिसत राहतात, ते दिसेनासे होईपर्यंत हात थांबवायचा नाही. आमच्या लॅबचे काका रिटायरमेंटला आलेत, त्यांनी आयुष्यभर प्रॅक्टिकलची तयारी केली, ते बाजूला उभे राहून बघत म्हणाले, "ताई, एका बाजूनेच फिरवताय, मधनंमधनं उलटा फिरवा, नायतर कडेचं कडेलाच राहतं." त्यांचं बरोबर होतं आणि तसंच करते तेव्हापासून.

पहिलं भाजणं १००० अंशाला २४ तास, मग परत घोटून पावडर धरून ठेवायला थोडा पीव्हीए (एक चिकट पॉलिमर) घालून १० मिलिमीटरच्या डायमध्ये ५ टनाला दाबायचं आणि ११०० ते १२०० ला पक्कं भाजायचं. चांगली भाजलेली टिक्की ओळखायची कशी तर चिमट्याने अगदी कमी उंचीवरून फरशीवर सोडा, टण्ण वाजली पाहिजे. भद्द वाजली तर आतून पोकळ किंवा तडा गेलेला, तिच्यावर वीज मोजण्यात अर्थ नाही, कारण मग तुम्ही पदार्थ नाही, दाण्यांमधल्या फटी मोजताय. सिरॅमिकमध्ये हा भाग फार महत्त्वाचा आहे आणि पुस्तकात एका ओळीत उरकतात, करंट दाण्यातून जातो पण दाण्यांच्या सीमेवर अडखळतो, आणि सीमेवर ऑक्सिजन कमी-जास्त असेल तर सगळा रेझिस्टन्स तिथलाच असतो.

आणि लाईट. पावसाळ्यात इथे लाईट जाते, वारा सुटला की माडाची झावळी तारेवर पडली की झालं. ११०० अंशावरची भट्टी बंद पडली तर वरचं तापमान भराभर उतरतं, आणि या पदार्थाला तर उतरताना सावकाशपणा हवा असतो, कारण गरम असताना त्यातला काही ऑक्सिजन बाहेर पडलेला असतो आणि तो परत आत जातो तो उतरतानाच. मिनिटाला १ अंश असं उतरवायचं म्हणजे जवळजवळ पूर्ण दिवस जातो. एकदा ३० टक्केवाली बॅच मध्यरात्री अशीच लाईट जाऊन खाली आली. सरांना फोन केला तर ते म्हणाले, "टाकू नका, वेगळी ठेवा, लेबल लावा, तिची दुसरी नीट भाजलेल्याशी तुलना करू." आणि ती टिक्की पुढे सगळ्यात कामाची निघाली, ते सांगतेच.

एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना तपासणं, कोल्हापूरला करून घेतलं, आंबा घाटातून एसटीने डबीत पावडर घेऊन. ३३ अंशाच्या जवळ दोन शिखरं एकमेकांना चिकटून येतात, ती दुहेरी फूट म्हणजे स्फटिक घनाकार नाही, थोडा तिरका ओढलेला आहे याची खूण. स्ट्रॉन्शियम वाढवलं की ती दोन जवळ जवळ येत जातात. माझ्या ग्राफवर शुद्धमध्ये दोन स्पष्ट, ३० टक्क्यात जवळ सरकलेली, आणि ३७ च्या अलीकडे जिथे उरलेल्या कोबाल्ट ऑक्साइडचं शिखर आलं असतं तिथे काहीच नाही, सपाट. तो ग्राफ मी ऑपरेटरच्या मागे उभी राहून लाईव्ह बघितला, सुई... म्हणजे रेघ ३६ च्या पुढे जायला लागली तेव्हा श्वास धरला होता.

वीज मोजायला चार टोकांची पद्धत. टिक्कीतून कापलेल्या पट्टीवर सिल्व्हर पेस्टचे ४ ठिपके, बाहेरच्या दोघांतून करंट सोडायचा, आतल्या दोघांवर व्होल्टेज वाचायचं. साध्या मल्टिमीटरच्या दोन टोकांनी का नाही, तर ३० टक्केवाल्या पट्टीचा रेझिस्टन्स काही मिलिओहम असतो आणि वायर-जोड मिळूनच ओहमभर होतात, पदार्थ दिसणारच नाही. आणि दोन्ही टोकांच्या तापमानात जरा फरक पडला तरी स्वतःचंच व्होल्टेज तयार होतं, म्हणून प्रत्येक रीडिंग करंट उलटा करून परत घ्यायचं आणि सरासरी काढायची. शुद्ध लॅन्थॅनम कोबाल्टाइट उलट, खोलीच्या तापमानाला ओहम-सेंटीमीटरच्या घरात, आणि गरम करत गेलं की घसरत घसरत ३०० अंश सेल्सिअसपर्यंत हजारपट आणि त्याहूनही खाली येतं. छोट्या हीटरवर ठेवून ही रेघ मी स्वतः काढली, इथेच, आमच्या लॅबमध्ये.

ते तापमानाच्या फरकातून येणारं व्होल्टेज म्हणजे सीबेक परिणाम, आणि तो कोबाल्ट ऑक्साइडमध्ये खास मोठा असतो. १९९७ मध्ये जपानमध्ये तेरासाकी यांनी सोडियम कोबाल्ट ऑक्साइडच्या स्फटिकात प्रति केल्विन १०० मायक्रोव्होल्ट मोजले, तेही धातूसारखी वीज वाहत असताना, तोवर असं एकत्र ऑक्साइडमध्ये कोणी अपेक्षिलं नव्हतं. मग २००० मध्ये कोशिबाए आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की यात स्पिनचा हात आहे, इलेक्ट्रॉन एका कोबाल्टवरून दुसऱ्यावर जाताना नुसता भार नाही तर स्पिनच्या शक्यतांची एन्ट्रॉपीसुद्धा घेऊन जातो. म्हणजे परत तेच, बाकांवर कोण कसं बसलंय. माझ्या शुद्ध नमुन्यावर सोल्डरिंग गन एका टोकाला टेकवली की साध्या मल्टिमीटरवर मिलिव्होल्ट दिसतात, मुलं ते बघून खुळावतात. शुद्ध पदार्थात चिन्ह धन की ऋण याबद्दल वेगवेगळ्या लॅबचे निकाल वेगवेगळे आहेत, कारण ऑक्सिजन किंवा लॅन्थॅनममध्ये बारीकसा फरक पुरतो, पण थोडं जरी स्ट्रॉन्शियम घातलं की ठाम धन.

चुंबकत्वासाठी थंडी लागते. ३० टक्केवाला साधारण २२०-२३० केल्विनच्या खाली चुंबक होतो, म्हणजे उणे ४३ ते ५३ सेल्सिअस, आणि रत्नागिरीत लिक्विड नायट्रोजन कुठून आणणार? तर गुरांच्या दवाखान्यातून. कृत्रिम रेतनाच्या गोठवलेल्या रेतमात्रा ज्या कंटेनरमध्ये असतात त्यात लिक्विड नायट्रोजनच असतो, आणि त्यांच्याकडे भरणा करायला गाडी येते. डॉक्टरांना जाऊन भेटले, काय करायचंय ते सांगितलं, त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भरणा झाला की फोन करतो, पण झाकण घट्ट लावू नका हां, फुटेल." फोन आला त्या दिवशी आम्ही अर्धवट झाकलेला फ्लास्क मांडीवर नाही, रिक्षाच्या पायाशी ठेवून, दोन्ही बाजूचे पडदे वर करून आणला.

थर्माकोलच्या कपात ओतला, टिक्क्यांना दोरा बांधून सोडल्या, उकळणं शांत झालं की टिक्की ७७ केल्विनला आली. जुन्या हार्डडिस्कमधला लोहचुंबक जवळ नेला. शुद्धवाली हललीसुद्धा नाही. ३० टक्केवाली दोऱ्यासकट उडी मारून चुंबकाला चिकटली, टक् असा आवाज आला. इथल्या हवेत तिच्यावर क्षणात पांढरा थर जमला, आणि मग सगळे वाट बघत उभे. काही वेळाने टिक्की आपोआप सुटून पडली, अंगावर बर्फ तसाच होता. म्हणजे शून्याच्या कितीतरी खालीच तिचं चुंबकत्व संपलं, पुस्तकातलं क्युरी तापमान डोळ्यासमोर. एका मुलाने विचारलं, मॅडम, मग किनाऱ्यावरची काळी वाळू चुंबकाला अशीच चिकटते ती का नाही सुटत? आमच्याकडच्या काळ्या वाळूत इल्मेनाइटबरोबर मॅग्नेटाइट असतं, त्याचं क्युरी तापमान जवळजवळ ५८० सेल्सिअस, आणि त्याच्याच घराण्यातलं कोबाल्ट फेराइट ५२० च्या आसपास, ते खोलीत कसे सुटतील. प्रश्न एकदम योग्य जागी होता. आणि साधं कोबाल्ट मोनॉक्साइड तर २९१ केल्विनला, म्हणजे १८ सेल्सिअसला, आपली चुंबकीय रचना बदलतं, दापोलीत जानेवारीच्या पहाटे पारा त्याच्या खाली जातो आणि दुपारी वर, म्हणजे तिथे बाटलीत ठेवलं तर रोज एकदा इकडे आणि एकदा तिकडे. ते अँटिफेरोमॅग्नेट आहे, म्हणजे आतले शेजारशेजारचे चुंबक उलट दिशांना तोंड करून एकमेकांना खोडतात, त्यामुळे चुंबकाने कळत नाही, एवढंच.

नीट आकडे हवेत म्हणून नमुने इंदूरच्या यूजीसी-डीएई कन्सॉर्शियममध्ये नेले, तिथे कॉलेजांतल्या लोकांनाही प्रस्ताव पाठवून मोजमाप करता येतं, हे कोकणातल्या कोणालाही माहीत नसेल तर कृपया माहीत करून घ्या. शुद्ध नमुन्यात १०० केल्विनच्या जवळचा तो उंचवटा आला, अगदी खाली थोडी वर चढणारी शेपटी, ती पृष्ठभागावरच्या आणि बिघडलेल्या कोबाल्टची. १० टक्केवाल्यात चुंबकीय क्षेत्र लावून थंड केलं आणि न लावता थंड केलं तर दोन रेघा फाकतात, म्हणजे आतली बेटं ज्या दिशेला गोठली तिथेच अडकली.

आणि लाईट गेलेल्या रात्रीची टिक्की. तिचा आणि सावकाश उतरवलेल्या टिक्कीचा ऑक्सिजन मी केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये आयोडोमेट्रीने काढला, पावडर अ‍ॅसिड आणि पोटॅशियम आयोडाइडमध्ये विरघळवायची, कोबाल्ट ३ आणि ४ वरून २ वर येताना आयोडिन सोडतो, ते हायपोने (सोडियम थायोसल्फेट) टायट्रेट करायचं, म्हणजे थेंबथेंब घालून मोजायचं, निळा-काळा रंग जाऊन शेवटी कोबाल्टचा फिका गुलाबी उरतो. वर नायट्रोजनचा फुगा बांधून ठेवायचा, नाहीतर हवेतला ऑक्सिजनही आयोडिन सोडतो. एकाच खलातली पावडर, एकाच डायमधल्या टिक्क्या, आणि भराभर उतरलेलीत ऑक्सिजन कमी, रेझिस्टन्स जास्त, क्युरी तापमानही खाली सरकलेलं. ऑक्सिजन कमी म्हणजे ४ भाराचे कोबाल्ट कमी, म्हणजे स्ट्रॉन्शियम ३० टक्के असूनही पदार्थ वागतोय कमी टक्क्यांसारखा. माझ्या थिसिसचं एक पूर्ण प्रकरण आता यावर आहे, मुद्दाम वेगवेगळ्या वेगाने उतरवलेल्या टिक्क्यांची मालिका करतेय.

भट्टीला इन्व्हर्टर परवडत नाही, पण कंट्रोलरला छोटा बॅटरी बॅकअप लावलाय, लाईट परत आली की तो जिथे होता तिथून पुढे जातो आणि मधलं तापमान नोंदवून ठेवतो. सध्या आत कॅल्शियम कोबाल्टाइट आहे, सीबेक प्रति केल्विन १२५ मायक्रोव्होल्टच्या आसपास देणारं, हे ९२६ अंशाच्या वर तुटतं म्हणून ८८० वरच थांबवलंय, घट्टपणा कमी येतो, त्यामुळे दाबताना भार वाढवून बघतेय.